बाबांची दुपारची सिंडोपा लागूच होत नाही. डोस वाढवायचा की वेळ बदलायची?

कृष्णाकाठ:

बाबा ७१ वर्षांचे, वजन ५८ किलो. पार्किन्सन्सचं निदान सहा वर्षांपूर्वी झालं, सुरुवात उजव्या हाताच्या कंपाने. सध्या चालू असलेली औषधं अशी: सिंडोपा प्लस (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) एकेक सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८:३० ला, तिन्ही वेळा खाऊन झाल्यावर. कंपासाठी पॅसिटेन २ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ सकाळी. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर. तीन महिन्यांपूर्वी पोट फुगतं, ढेकर येतात म्हणून जवळच्या डॉक्टरांनी रॅबेप्राझोल आणि लिव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल सुरू केली. ती रोज उपाशीपोटी चालू आहे.

सकाळची गोळी पाऊण तासात चढते, म्हणजे तिचा असर सुरू होतो, आणि साडेअकरापर्यंत टिकते. दुपारची कधी चारला चढते, कधी चढतच नाही. रात्री कुशीवर वळता येत नाही. बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. गेल्या दोन महिन्यांत हे सगळं झपाट्याने वाढलंय. संध्याकाळी कधीकधी “कोपऱ्यात कोण बसलंय?” असंही विचारतात.

न्यूरॉलॉजिस्टची तारीख मिरजेला तीन आठवड्यांनी आहे. तोवर सिंडोपा २७५ सुरू करा, असं जवळच्या डॉक्टरांनी सुचवलंय. करावं का? आणि आईला कुणीतरी कवचबीजाचं चूर्ण द्यायला सांगितलंय, ते सोबत चालेल का?

---

खलबत्ता:

२७५ ला हात लावण्याआधी ती पोटाची कॅप्सूल बघा. तुमच्या यादीतली मला सगळ्यांत खटकणारी गोष्ट तीच आहे.

लिव्होसल्पिराइड डोपामिनचे, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचे, रिसेप्टर अडवतं. म्हणजे सिंडोपा ज्या कुलपात किल्ली घालते, त्याच कुलपात हे औषध आधीच काडी घालून ठेवतं. ज्यांना पार्किन्सन्स नाही अशा वयस्कर माणसांनाही त्याने कंप आणि ताठरपणा येतो; पार्किन्सन्स असलेल्याला तर ते द्यायलाच नको. तीन महिन्यांपूर्वी कॅप्सूल सुरू आणि दोन महिन्यांपासून झपाट्याने बिघाड, ही तारखांची जुळणी योगायोग म्हणून सोडून देऊ नका. आजार इतक्या घाईने सहसा पुढे सरकत नाही. अचानक बिघडलं की आधी नवं औषध, मग जंतुसंसर्ग, मग पोट, आणि हे तिन्ही निस्तरल्यावरच आजार वाढला असं म्हणावं.

न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात आजच फोन करून विचारा, तीन आठवडे थांबू नका. बहुतेक ते बंदच करायला सांगतील. पण बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसेल अशी अपेक्षा धरू नका. काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) ओळखायची सोपी खूण: पोटाच्या जोडगोळ्यांच्या नावाशेवटी ‘एल’ किंवा ‘एलएस’ असेल तर बऱ्याचदा लिव्होसल्पिराइड असतं. ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर डॉम्पेरिडोन. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे पार्किन्सन्समध्ये मळमळीसाठी तेच वापरतात. फक्त हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी ईसीजी, आणि डोस कमीत कमी. तरी नावावर विसंबू नका, पत्त्यामागचा बारीक मजकूर वाचा.

याच जातीची, टाळायची आणखी औषधं घरात येतात ती अशी. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, इंजेक्शनसुद्धा. चक्कर आली की हमखास लिहिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन. चक्करीचंच सिनारिझिन, अर्धशिशीचं फ्लुनारिझिन. झोप लागावी किंवा भ्रम कमी व्हावा म्हणून हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन. उलटीला ऑन्डान्सेट्रॉन चालतं, चक्करीला बीटाहिस्टिन चालतं. ही दोन वाक्यं कागदावर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री अकराला उलटी सुरू झाली की कुणाला काही आठवत नाही.

आता २७५ चं. सिंडोपाचे पत्ते दिसायला सारखे असतात आणि आकडा वाचून गोंधळ होतो, कारण तो आकडा दोन औषधांची बेरीज आहे. ११० म्हणजे लिव्होडोपा (मेंदूत जिचं डोपामिन होतं ते मुख्य औषध) १०० आणि कार्बिडोपा १०. प्लस, म्हणजे १२५, त्यात लिव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. सीआर म्हणजे २०० आणि ५०, हळूहळू सुटणारी. म्हणजे प्लसवरून २७५ वर जाणं हा एका डोसमागे लिव्होडोपा अडीचपट करण्याचा प्रकार आहे. त्यातून मळमळ येईल, उभं राहिल्यावर घेरी येईल, अंग आपोआप वळवळायला लागेल. भ्रम आधीच सुरू झालेत, तेही वाढतील. आणि एवढं करून दुपारची गोळी लागेलच असं नाही, कारण ती कमी पडत नाहीये, ती पोहोचत नाहीये.

कार्बिडोपाचं काम लिव्होडोपाला मेंदूबाहेर फुकट जाऊ न देण्याचं. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. प्लस तीनदा म्हणजे ७५, हे ठीक आहे. दुकानदाराने “प्लस नाही, ११० घ्या, तेच आहे” म्हणत दिलं तर कार्बिडोपा ३० वर येतं आणि मळमळ सुरू होते. हा बदल मुकाट्याने होतो, म्हणून दर महिन्याला पत्त्यावरचे दोन्ही आकडे ताडून घ्या.

लोहाची कॅप्सूल लिव्होडोपाला आतड्यात धरून बसते. दोन्हींत किमान दोन तास हवेत. सध्या ती दुपारच्या गोळीबरोबरच पोटात जातेय.

---

साधं_वरण:

पोहोचत नाही, हे बरोबर. कुठे अडते ते सांगते.

लिव्होडोपा जठरात शोषली जात नाही. ती पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषली जाते. जेवण पडलं की जठर आपला दरवाजा सावकाश उघडतं आणि गोळी तासदीड तास आतच पडून राहते. पार्किन्सन्समध्ये जठर मुळातच संथ, त्यात पॅसिटेन ते आणखी संथ करते. दुसरी अडवणूक प्रथिनांची. आमटी, उसळ, दूध, पनीर, अंडं, मासे यांतून निघणारी काही अमिनो आम्लं आणि लिव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाहकावर बसून जातात. जागा ठरावीक. गर्दी झाली की गोळी मागे राहते. सकाळी पोट रिकामं आणि नाश्ता हलका म्हणून गोळी लागते, दुपारी वरण-भात-उसळ-ताकानंतर लागत नाही.

म्हणून पहिला बदल, ज्यात एक मिलिग्रॅमही वाढत नाही: गोळी जेवणाआधी पाऊण तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. सोबत पेलाभर पाणी, घोटभर नाही. गोळी पुढे ढकलायला पाणीच लागतं. दुधाच्या चहाबरोबर नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादं मारी बिस्किट किंवा केळ्याच्या दोन चकत्या, बस.

तुमच्या घरी नाश्ता ८, जेवण १, रात्रीचं जेवण ८ असं धरलं तर गोळ्या ७:१५, १२:१५ आणि ७:१५ ला येतात. आणखी एक फायदा असा की ताटावर बसतील तेव्हा गोळी चढलेली असेल. हात चालेल, गिळणंही सुधारेल. उतरलेल्या अवस्थेत जेवायला बसवणं म्हणजे ठसका लागण्याला आमंत्रण.

पण यात एक भोक राहतं. सकाळची गोळी साडेतीन तास टिकते म्हणता, म्हणजे पावणेअकराला उतरेल आणि पुढची १२:१५ ला. वेळ कितीही नीट बसवली तरी तीन गोळ्यांत त्यांचा दिवस झाकला जात नाही. हे डॉक्टरांसमोर याच शब्दांत मांडा. ते बहुधा डोस मोठा करण्याऐवजी जवळजवळ आणतील. समजा ७, १०:३०, २ आणि ५:३० असे चार केले, तर जेवण १२ ला आणा, म्हणजे दोनची गोळी जेवणानंतर दोन तासांनी पडते. रात्रीच्या ताठरपणासाठी झोपताना सीआर देतात कधीकधी. ठरवायचं त्यांनी. तुम्ही फक्त जेवणाच्या कोणत्या वेळा हलू शकतात ते घरी विचारून जा, नाहीतर कागदावरचं वेळापत्रक स्वयंपाकघरात टिकत नाही.

प्रथिनं बंद करू नका! हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि माणसं वाळतात. ५८ किलोला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास हवीतच. वाटीभर दाट वरणात ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तितकीच, एका अंड्यात ६, ज्वारीच्या भाकरीत ४-५. एकूण तेवढीच ठेवून जास्तीचा वाटा रात्रीकडे सरकवायचा. दुपारी भाकरी किंवा भात, पालेभाजी, कोशिंबीर, पातळ आमटी. रात्री उसळ, पनीर किंवा अंडं आणि झोपण्यापूर्वी दूध. ज्यांची गोळी अशी मध्येच उतरते त्यांनाच याचा उपयोग. सुरुवातीच्या वर्षांत, गोळी व्यवस्थित लागत असताना, उगाच ताट बदलायचं कारण नाही. वजन दर पंधरवड्याला करा. दीड-दोन किलो उतरलं तर हा प्रयोग थांबवून आहारतज्ज्ञाला विचारा.

पोट साफ होणं हा वेगळा विषय समजू नका. पोट तुंबलेलं असलं की गोळीही उशिरा लागते. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी (हृदय-मूत्रपिंडाची मनाई नसेल तर), पेरू-पपई, भाजी, रात्री इसबगोल पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पाणी. पाणी कमी पीत असतील तर इसबगोल उलट घट्ट गोळा करून बसतं. तीन दिवस म्हणजे इसबगोलाच्या पुढचं प्रकरण आहे, लॅक्टुलोज किंवा पीईजी या पोट साफ करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा.

तारखेच्या आधी तीन दिवसांची नोंद करा. दर अर्ध्या तासाला एकच अक्षर: च म्हणजे चढलेली, उ म्हणजे उतरलेली, व म्हणजे अंग वळवळतंय. बाजूला गोळीची आणि खाण्याची वेळ. अशी एखादी ओळ पुरते: “७:१५ गोळी. ७:५५ हात सुटला, बटणं स्वतः लावली. १०:४० उजवा अंगठा थरथरतो. ११:०५ खुर्चीतून तिसऱ्या प्रयत्नात उठले.” दवाखान्यातल्या दहा मिनिटांत “बरं वाटत नाही” यावरून काही ठरत नाही, या ओळीवरून ठरतं. कंप आणि वळवळ यांत घरच्यांची गल्लत होते: कंप एका लयीत, हात मांडीवर स्वस्थ असताना; वळवळ नागमोडी, नाचल्यासारखी, मान-खांद्यापर्यंत. पहिल्याला औषध कमी पडतं, दुसऱ्याला जास्त होतं, म्हणून उपाय नेमके उलटे. मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ दोन्ही अवस्थांत घ्या: खुर्चीतून उठणं, दहा पावलं, वळणं, अंगठ्यावर तर्जनी टॅप करणं.

---

उंबरा:

पाय चिकटण्यावर लिहितो, मी फिजिओथेरपीवाला.

दारात, वळताना, अरुंद जागेत, फोन वाजल्यावर किंवा कुणी “लवकर चला” म्हटल्यावर पाय चिकटतात. चाल आपोआप चालवणारी मेंदूतली यंत्रणा अडली की जाणीवपूर्वक चालण्याचा दुसरा रस्ता उघडावा लागतो, एवढंच यामागचं तत्त्व. त्यामुळे हात धरून ओढलं की घात होतो. धड पुढे जातं, पाय मागे राहतात, आणि पडतात दोघंही.

चिकटले की क्रम असा: थांबा. ताठ उभे राहा, श्वास सोडा. वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झुलवा. मग उजवा पाय गुडघ्यातून उचलून, टाच आधी टेकेल असं मोठं पाऊल. सोबतच्याने बाजूला उभं राहून एक, दोन म्हणायचं, किंवा स्वतःचा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवून “ह्याच्यावरून टाका” म्हणायचं. हे दुसरं फार चालतं, फक्त पाय वेळेत काढून घ्या.

बाथरूमच्या दाराआधी फरशीवर चालण्याच्या दिशेला आडव्या चारपाच पट्ट्या लावा. रंगीत चिकटपट्टी, फरशीच्या रंगाशी विरोधी, दोन इंच रुंद, दोन पट्ट्यांत ४० ते ४५ सेंटिमीटर. शेवटची पट्टी उंबऱ्याच्या आत, पलीकडच्या बाजूला. सगळे उंबऱ्याच्या अलीकडेच थांबवतात आणि मग माणूस बरोबर उंबऱ्यावर थिजतो. पायपुसणं काढून टाका, अगदी रबरी असलं तरी. कडेला न उचकटणारी पट्टी बघा. अर्धी सुटलेली पट्टी म्हणजे नवाच अडथळा.

वळताना जागच्या जागी भोवरा नको. तीन-चार पावलांचा मोठा अर्धगोल घ्यायचा. हातात तांब्या, बोलणं आणि चालणं ही तीन कामं एकदम नकोत.

बिछान्यात वळण्यासाठी: दोन्ही गुडघे दुमडा, वळायचं त्या बाजूला दोन्ही गुडघे पाडा, वरचा हात त्याच बाजूला फेका, मानही तिकडेच वळवा. गादी मऊ असेल तर बदला, बुडालेला माणूस वळत नाही. कमरेखाली गुळगुळीत सॅटिनचा पट्टा घातला तर घसरायला सोपं जातं, पण पायांच्या भागात साधी सुती चादरच हवी, टाचेला पकड लागते. खुर्ची ४५ ते ५० सेंटिमीटर उंच, हाताची. सोफा नको. देशी संडास असेल तर वर ठेवायचं कमोड आणि भिंतीला आडवा दांडा. टॉवेल अडकवायचा दांडा नव्हे, तो भिंतीतून उखडतो.

व्यायाम गोळी चढलेली असतानाच घ्या. बिनचाकांचं चौकटी वॉकर पार्किन्सन्समध्ये अनेकदा त्रास देतं, कारण दर पावलाला थांबून ते उचलावं लागतं आणि लय तुटते.

---

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. दवाखान्यात फोन केला, लिव्होसल्पिराइड थांबवायला सांगितलं, नुसतं रॅबेप्राझोल ठेवलंय. गोळ्या जेवणाआधी पाऊण तास द्यायलाही त्यांची हरकत नाही.

आज रक्तदाब मोजला: झोपून १४०/८०, उभं राहून तीन मिनिटांनी १०५/६५, आणि घेरी आली. हे काय? शिवाय ते “कोण बसलंय” आणि कवचबीज, दोन्ही राहिलंच.

---

नाडीपरीक्षा_नाही:

वरचा आकडा ३५ ने पडला. तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० पडला तरी त्याला उभं राहिल्यावर दाब पडणं म्हणतात. इथे दोन्ही निकष ओलांडलेत. आजार स्वतः दाब सांभाळणाऱ्या नसा बिघडवतो, लिव्होडोपा थोडी भर घालते, त्यावर अ‍ॅम्लोडिपिन. बसून मोजलेला दाब नेहमी चांगला दिसतो म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्या घेरीवर चक्करीची गोळी लिहिली जाते. ती कोणती ते खलबत्त्यांनी वर सांगितलंच आहे.

झोपून आणि उभं राहून, असे दोन्ही आकडे आठवडाभर, सकाळी उठल्याबरोबर आणि दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लिहा. अ‍ॅम्लोडिपिन कमी करायचं का, रात्रीकडे न्यायचं का, हे त्यावरून डॉक्टर ठरवतील. स्वतः बंद करू नका, झोपल्यावर दाब चढणाराही एक गट याच आजारात असतो. तोवर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरच्या विटा. नुसत्या उशा वाढवून ते काम होत नाही, मान तेवढी वाकते. सकाळी उठण्याआधी बसून दोन पेले पाणी थोड्या वेळात प्यायचं. पाय सोडून दोन मिनिटं बसून, पोटऱ्या आवळून-सोडून मग उभं राहायचं. जेवणं थोडी थोडी, कारण भरपेट जेवल्यावर दाब आणखी पडतो. प्रोस्टेटचं टॅम्सुलोसिन कधी सुरू झालं तर हे सगळं पुन्हा मोजा.

भ्रमाबद्दल. आधी लघवीची तपासणी आणि रक्तातलं सोडियम. वयस्कर माणसात मूत्रमार्गाचा संसर्ग ताप न येता नुसत्या भ्रमाने प्रकट होऊ शकतो. ते स्वच्छ निघालं तर पहिली संशयित पॅसिटेन. सत्तरीनंतर ती स्मृतीला, लघवीला आणि पोटाला त्रास देते. बद्धकोष्ठातही तिचा हात असणारच. एकदम थांबवायची नाही, पायरीपायरीने उतरवायची. न्यूरॉलॉजिस्ट औषधं कमी करतात तेव्हा साधारण क्रम असा असतो: आधी पॅसिटेनसारखी, मग अ‍ॅमॅन्टाडिन, मग प्रॅमिपेक्सोल-रोपिनिरोल, मग रसाजिलिनसारखी, आणि लिव्होडोपा सगळ्यांत शेवटी. एवढं करूनही राहिलं तर क्वेटियापिन अगदी लहान डोसमध्ये, १२.५ किंवा २५ मिलिग्रॅम रात्री. क्लोझापिन दिलं तर पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात. बाबांशी वाद घालू नका. कोपऱ्यात दिवा लावा, खुर्चीवरचे कपडे काढून ठेवा. अर्ध्या अंधारात टांगलेला सदरा माणूस होतो.

कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात खरोखरच लिव्होडोपा असते, बियांच्या वजनाच्या साधारण ३ ते ६ टक्के. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात १५० ते ३०० मिलिग्रॅम. हे “सौम्य, झाडपाल्याचं” नाही, ही दुसरी सिंडोपा आहे, जिचा डोस पाकिटागणिक बदलतो. एकट्याने घेतलं तर कार्बिडोपा नसल्याने बरंच वाया जातं आणि उलट्या होतात. सिंडोपाबरोबर घेतलं तर त्याच कार्बिडोपाच्या जिवावर ते जोरात लागतं. दाब पडतोय, भ्रम होतोय, अशा माणसाला ते आत्ता नकोच. आधीपासून चोरून चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आईला रागावू नका. लपवलेलं चूर्ण सगळा हिशेब चुकवतं.

आणि एक, कुणी विचारलं नाही तरी सांगतो: सिंडोपा कधीही एकदम तोडायची नाही. गोळ्या संपल्या, प्रवासात राहिल्या, शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलं, अशा वेळी अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढतो, शुद्ध जाते. ते जिवावर बेतू शकतं. मोतीबिंदू असो की खुब्याचं ऑपरेशन, भूलतज्ज्ञाला आधी भेटून सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची परवानगी लिहून घ्या. गिळता येत नसेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून नळीतून देता येते. सीआर मात्र चावायची, कुटायची, विरघळवायची नाही. वॉर्डात “दिवसातून तीनदा” असं लिहिलं की गोळ्या वॉर्डाच्या वेळेला मिळतात. केसपेपरवर तास लिहायला लावा: ७:१५, १२:१५, ७:१५.

---

पोहे_आणि_पेरू:

थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे आत्या, ५८ वर्षं, पार्किन्सन्ससाठी प्रॅमिपेक्सोलवर. मेंदूत तार घालायची शस्त्रक्रिया सुचवलीय. काय बघावं?

---

नाडीपरीक्षा_नाही:

डीबीएस, म्हणजे मेंदूत तार घालून बॅटरीवरच्या उपकरणाने विजेचे हलके झटके देणं. ढोबळ नियम: लिव्होडोपाने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं. अपवाद कंपाचा, तो गोळीला दाद देत नसला तरी डीबीएसला देऊ शकतो. म्हणून आधी रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी मोजतात, मग गोळी देऊन पुन्हा मोजतात; निदान ३० टक्के फरक पडावा लागतो. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल, पाय चिकटत असतील, बोलणं अस्पष्ट असेल, तर ते शस्त्रक्रियेने जाणार नाही. स्मृतिभ्रंश असेल तर करत नाहीत. निदानानंतर चार-पाच वर्षं थांबायचं कारण म्हणजे पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार तोवर आपला चेहरा दाखवतात. बॅटरी बदलण्याचा खर्च आजच विचारा: साधी साधारण ३ ते ५ वर्षं चालते, चार्ज होणारी त्याहून बरीच जास्त.

प्रॅमिपेक्सोलवर असताना घरच्यांनी एक नाजूक गोष्ट पाहायची. ऑनलाइन रमी, लॉटरी, न थांबणारी खरेदी, रात्री उठून खाणं, कामवासनेत अचानक वाढ. हे औषधाने होतं, स्वभावाने नाही, आणि माणूस स्वतः सांगत नाही. दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. एकदम बंद करू नका, त्याचेही त्रास आहेत.

---

उंबरा:

डीबीएस झालेल्या माणसाला शेकाची डायथर्मी कधीही लावायची नाही. तारेच्या टोकाला उष्णता साठून मेंदूला इजा होते. गुडघेदुखीसाठी गल्लीतल्या क्लिनिकमध्ये गेलात तरी उपकरणाचं ओळखपत्र आधी दाखवा. एमआरआयलाही तेच.

---

खलबत्ता:

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढता येतं. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. जुन्या करप्रणालीत, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली उपचारखर्चाची वजावटही आहे, ज्येष्ठांना १ लाख रुपयांपर्यंत. तिथेही ४० टक्केच, आणि न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र लागतं. आता चालू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएला विचारून घ्या.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. आईला तिथल्या शुभंकरांशी बोलायला लावा.

---

कृष्णाकाठ:

शेवटचं: मिरजेला जाताना सकाळची गोळी द्यायची की उतरलेली अवस्था दाखवायची?

---

साधं_वरण:

नेहमीच्या वेळेला द्या. उतरलेली अवस्था बघायची असेल तर ते आधी कळवतील, आणि तुमच्याकडे व्हिडिओ आहेच. पुढच्या दोन गोळ्या, पाण्याची बाटली आणि बिस्किटं खिशात ठेवा, नंबर लागेपर्यंत वेळ टळून जाते. पत्ते मूळ स्वरूपात न्या, डबीत काढून नको. लोहाची कॅप्सूल त्या दिवशी राहिली तरी चालेल.